दिवसाउजेडी लावलेला दिवा

मन्या, मी तुझ्यावर रागावले आहे, हे आधीच सांगून टाकते. मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. ज्यानं हे म्हणून ठेवलं त्याला तुझ्यासारखा भाऊ नसणार. काल तुझं तेरावं झालं. मी मुद्दाम गोळाभात रांधला. भटजी कुरकुरले, पण तुला आवडायचा म्हणून रांधला. अंगणात पत्रावळी मांडल्या आणि दाराकडे बघत बसले. आपल्या इतवारी पेठेतलं एक माणूस जेवायला आलं नाही. चोराच्या घरचा भात कोण खाणार? शेवटी सगळा गाईला घातला.

चोर. तू गेलास याचं दुःख आहेच, ते कुठं पळून जात नाही. पण हा शब्द तुझ्या नावाला चिकटलाय तो मला जास्त झोंबतो. उद्या मॅजिस्ट्रेटसमोर माझी साक्ष आहे. ज्या विणकरांनी तुला आपल्याच अंगणात जिवानिशी मारलं ते समोर उभे असतील, आणि त्यांचा वकील मला एकच गोष्ट विचारणार आहे. भिशीचे पैसे तुमच्या भावानं खाल्ले नव्हते, तर मग भर दुपारी त्यानं दारात दिवा का लावला? सगळा मोहल्ला हेच विचारून राहिला आहे. उत्तर द्यायला तू नाहीस. माझं उत्तर चुकलं तर तू कायमचा चोर ठरशील. म्हणून म्हटलं, आधी तुझ्याशी एकदा पोटभर भांडून घ्यावं.

तू कोर्टातला दुभाषा. साहेब इंग्रजीत बोलणार, आरोपी आपल्या बोलीत बोलणार आणि मधे तू. खून-मारामारीचे खटले तुला नको असत, दोन दिवस जेवण जायचं नाही. पैशाच्या भानगडीचा खटला असला की मात्र स्वारी खुशीत. कोट खुंटीला लावायच्या आधी तुझं सुरू व्हायचं.

"बाई, एम्बेझल मंजे काय, माहीत आहे का तुले?"

"अपहार. अफरातफर."

"ते आजचं झालं. मुळात काय होतं?"

"मले काय माहीत गा! भाजी करपून राहिली, हट तिकडं."

"मुळात मंजे छळणं. हाल करणं, सत्यानाश करणं. जुन्या फ्रेंचातून आलाय तो. आन् आज पाय, कोटटोपीवाला कारकून त्याच आरोपाखाली उभा राहतो, साहेब त्याले बसाले खुर्ची देतात!"

तुझं लग्न झालं नाही ते एका अर्थी बरंच झालं; कोणाच्या पोरीनं रोज ताटावर बसून हे ऐकलं असतं? मी ऐकायची, कारण मी तुझी मोठी बहीण, तुझी बाई, आणि आई गेल्यावर तुला मीच वाढवलेलं. डिफाल्केशन म्हणजे लॅटिनातलं विळ्यानं कापणं. एक्स्टॉर्शन म्हणजे पिरगाळून बाहेर काढणं. रॉबरीतला रॉब आणि साहेबाच्या अंगावरचा रोब, म्हणजे झगा, एकाच घरचे, कारण लुटीत पहिल्यांदा अंगावरचे कपडेच उतरवत. ब्राइब म्हणजे भिकाऱ्यापुढं टाकलेला भाकरीचा तुकडा. बँकरप्ट म्हणजे मोडलेला बाक. इटलीत सराफ बाजारात बाकावर बसायचे. एखादा बुडाला की त्याचा बाक लोक फोडायचे म्हणे. काही पंडित ही गोष्ट मागाहून रचलेली आहे म्हणतात, हेही तूच सांगायचास, पण पडलेल्या आवाजात. तुला ती गोष्ट खरी हवी असायची.

आणि मग तुझा लाडका सिद्धांत. या सगळ्या शब्दांच्या हाताला आधी रक्त होतं. मग त्यांनी हात धुतले, कोट घातला आणि ते कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसले. तांब्या चोरणाऱ्या उपाशी माणसाला शिपाई बुकलत आणतात आणि शंभर घरं बुडवणाऱ्याला 'आपण' म्हणतात, ते याच्यामुळेच, असं तू म्हणायचास.

मी काय गप्प बसणारी होते का? "इंग्रजाचंच काय घेऊन बसला गा? आपण काय कमी आहोत? आपण पैसे बुडवतो, गिळतो, ढेकरही देत नाही, लोकाईचा गळा कापतो, त्याईले बिनपाण्यानं भादरतो. आपण फक्त लपवत नाही, एवढंच. आन् लूट तर त्यांनी आपल्याकडूनच नेली, माल बी आन् शब्द बी." तू एवढा हसलास की तुला ठसका लागला. मी पाणी दिलं, पाठीवर दोन धपके घातले. काय सुखाचे दिवस होते रे ते.

पण तुझ्याकडं एक शब्द राखून ठेवलेला असायचा. दिवाळं, म्हणजे मुळात दिवा लावणं. जगातल्या सगळ्या भाषांत हाच एक मऊ शब्द, असं तुझं म्हणणं. बाबांनी लहानपणी सांगितलेली ती गोष्ट तू जन्मभर उराशी धरलीस. इतवारीतला एक कापडवाला बुडाला. त्यानं आपली गादी उलटी टाकली, अंगरखा उतरवला, दुकानाच्या उंबऱ्यावर भर दुपारी तुपाचा दिवा लावला आणि बसून राहिला. घेणेकरी आले. दिवा बघितला. जे होतं ते वाटून घेतलं आणि न बोलता परत गेले. एका म्हाताऱ्या सावकारानं म्हणे त्याला स्वतःच्या हातानं पाणी पाजलं. तू म्हणायचास, "तिकडं बाक फोडतात, बाई. इकडं दिवा लावतात. दिव्यावर कोणी हात उचलत नाही." मी म्हणायची, "त्या सावकाराईचं पोट भरलेलं होतं, म्हणून ते मुकाट्यानं परत गेले. उपाशी माणूस दिवा पाहून परत जातो का, ते सांग मले." तू ताटातल्या भातावर बोटं फिरवत बसायचास. हा वाद आपला कधी संपलाच नाही.

मन्या, एक सांगायचं राहून गेलं ते सांगते. मी नवरा मरून सासरहून परत आले, तेव्हा तू शाळकरी पोर होतास. मी चुलीपुढं बसून रडायची. एक दिवस तू तुझं इंग्रजीचं पहिलं पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलंस आणि म्हणालास, "हे वाच, मंग रड." आज मी मुलींच्या शाळेत मास्तरीण आहे, चार लोक मला विचारतात, ते त्या पुस्तकामुळे. हे तुला कधी तोंडावर म्हटलं नाही. म्हटलं असतं तर शेफारला असतास.

केशवची गोष्ट काढायची म्हटलं तरी माझे दात आवळतात. तुझ्याच वर्गातला, तुझ्याच ताटात जेवलेला. दिवाळीला तुला तेल लावायची तेव्हा त्यालाही लावायची मी. पुढं त्यानं सुताचं दुकान टाकलं. आपल्या मागच्या गल्लीतल्या विणकरांची भिशी तुझ्याकडं असायची, कारण तू कोर्टातला माणूस, तुझ्यावर त्यांचा भरवसा. दर बाजाराच्या दिवशी प्रत्येकजण आपला वाटा आणून द्यायचा आणि ज्याची पाळी तो सगळी रक्कम उचलायचा. केशव म्हणाला, ती रक्कम एका हंगामापुरती मला दे, गिरणीतून ठोक भावानं सूत आणतो, तुझ्या विणकरांना स्वस्त पडेल. विणकरांनाही ते पटलं, आणि तू दिलीस. त्यानं ती घेतली, दुकानाला भलंमोठं कुलूप घातलं, बायकोला माहेरी पाठवलं आणि कलकत्त्याच्या गाडीत बसून गेला.

मी काय कमी बोलले तुला? "साऱ्या दुनियेतल्या लबाडीचे शब्द तुले पाठ, आन् लबाड माणूस तुझ्या ताटात जेवून राहिला, तो तुले नाही दिसला?" तू खिडकीबाहेर बघत म्हणालास, "शब्द पुस्तकात पाहता येते, बाई. केशव कुठं पाहू?"

विणकर यायला लागले. ओरडायचे, शिव्या द्यायचे, पण परत जायचे. त्यांच्यातला सीताराम मोठा, माझी लुगडी त्याच्याच मागावरची. या खेपेची भिशी त्याची होती आणि तिच्यावर त्याच्या पोरीचं लग्न ठरलं होतं. तो ओरडत नसे. अंगणात उकिडवा बसायचा, माझ्याकडून पाणी मागून प्यायचा आणि विचारायचा, "केशवचा काही पत्ता लागला का, भाऊ?" तू नाही म्हणायचास. तो मान हलवायचा आणि जायचा. मला त्याची दया यायची. आता नाही येत.

मी तुला हात जोडले. कळमेश्वरला मामाकडं जा म्हटलं. त्यांना सांग, केशवला शोधून आणतो, महिनाभर थांबा.

"पैसे येणार नाहीत, बाई. मले ठाऊक आहे."

"त्याईले कुठं ठाऊक आहे? वेळ माग नुसता!"

"ठाऊक असून वेळ मागायचा, लोकाईचं डोकं गरगर फिरवत ठेवायचं, यालेच स्विंडल म्हणतात. जर्मनाचा शब्द आहे. मूळ अर्थ घेरी येणं."

मेल्या, तुझ्या शब्दांना आग लागो, असं म्हणाले मी. खरंच म्हणाले. तू शांतपणे म्हणालास, "मी दिवा लावतो. घरात आहे नाही ते बाहेर ठेवतो. ते घेतील आन् जातील." मी म्हटलं, "अरे येड्या, आज ते मागाले येऊन राहिले, कारण त्याईले वाटते, मिळंल. तू दिवा लावला का ती आशा गेली. मंग ते कशाले येतील, ते सांग!" तू उठलास. टोपी घातलीस आणि तूप आणायला बाजारात गेलास.

दुपारी तू अंगणात बाक आणलास, कोर्टाच्या जुन्या सामानाच्या लिलावात घेतलेला तो. त्याच्यावर गादी उलटी टाकलीस. कोट काढला, टोपी काढली. भांडी मांडली, तुझी घड्याळाची साखळी, माझ्या दोन बांगड्या, एवढंच काय, तुझी ती जाडी डिक्शनरीसुद्धा मांडलीस. पायापाशी उंबऱ्यावर निरांजन ठेवून पेटवलंस. उन्हात ज्योत दिसतही नव्हती. तुझ्या तोंडावर मात्र काय समाधान! पोरानं गणित सोडवलं की असतं ना, तसं. त्याच वेळी तुला कानाला धरून आत ओढायला हवं होतं, पण तू चाळिशीला आलेला घोडा, तुला कोण ओढणार?

ते आले. फाटक ढकलून आले आणि दिवा बघून जागीच थांबले. मला वाटलं, मन्याचंच खरं होतं बाप्पा. मग कोणीतरी विचारलं, "मंजे गेले?"

तू कोर्टातल्या आवाजात म्हणालास, "गेले. केशवनं नेले. माह्या घरात हे आहे. हे तुमचं."

त्यांनी भांड्यांकडं बघितलं. एवढ्या घरांच्या पोटाला ती चार भांडी! आणि मग एकदम सगळे सुटले.

आधी तुला बाकावरून खेचलं. दोघांनी बाक उचलून भिंतीवर घातला, त्याचे पाय निखळले. मन्या, देव जाणे माणसाचं डोकं कसं चालतं, त्या क्षणी माझ्या मनात आलं, बँकरप्ट. मग एकानं तुझा हात पाठीमागं पिरगाळला आणि विचारत राहिला, "पैसे कोठी ठेवले? सांग, कोठी ठेवले?" तो हात मोडल्याचा आवाज मी ऐकला. सदरा फाडला, धोतर ओढलं. जे शब्द तू माझ्या चुलीपुढं बसून हसत सांगायचास ते माझ्या डोळ्यांदेखत तुझ्या अंगावर होत होते. मी एकाच्या मनगटाला चावले, त्याचं रक्त माझ्या तोंडात आलं. त्यानं मला झटकलं तशी मी रांजणावर आपटले आणि रांजण फुटला. पाण्याचा लोट अंगणभर झाला, आणि त्या चिखलात ते तुला लाथा घालत होते. मागाची लाकडं होती त्यांच्या हातात. तू "वाचवा" म्हटलं नाहीस. तू म्हणत होतास, "ऐका, ऐका ना, मी समजावून सांगतो." अरे, काय समजावणार होतास? कोणाला? शेवटचा घाव डोक्यावर बसला. एकच, वरून खाली, दोन्ही हातांनी घातलेला. मग तू बोलायचा थांबलास.

त्यांचं त्यांनाच भय वाटलं असावं. पळाले. एका भांड्यालाही कोणी हात लावला नाही. मी तुझं डोकं मांडीवर घेतलं, पदरानं कान दाबून धरला, पण रक्त थांबेना. तुझे डोळे उघडे होते आणि त्यांत नवल होतं. तेच नवल मला रोज दिसतं, जेवताना, अंगण झाडताना.

केशव पकडला गेला. त्याचा खटला वेगळा. कोर्टाचा एक पट्टेवाला, तुझ्या हाताखालचा, परवा येऊन रडला आणि सांगून गेला, की त्याला बसायला खुर्ची दिली. सिव्हिल लाइन्समधला मोठा वकील दिलाय. आरोप काय, तर विश्वासाचा फौजदारी भंग. कसा इस्त्रीचा शब्द आहे! काही वर्षं आत काढेल आणि पुन्हा सुताचं दुकान टाकेल. इकडं हे विणकर फासावर जातील नाही तर काळ्या पाण्यावर. तुझा सिद्धांत मी मान्य करते, घे. केशवच्या हाताला रक्त लागलेलं नाही, आणि तरी त्यानंच तुला मारलं.

पण दुसऱ्या वादाचं काय? दिव्याचं?

आज सकाळी सीतारामची बायको आली. उंबऱ्याबाहेर बसली, आत यायची हिंमत नव्हती. माझे पाय धरले. "मास्तरीणबाई, बाकीच्याईचं काय ते तुमी पाहा, पण माह्या माणसाचं नाव नका घेऊ वं. तो देवभोळा माणूस हाये. मुंगी मारत नाही. त्या दिवशी त्यानं दिवा बी वाचवला, इचारा कोणाले बी."

मी तिला हाताला धरून उठवलं. तिला वाटलं, मी विरघळले. मला कोणालाच विचारायची गरज नव्हती. ते मी स्वतः पाहिलं होतं आणि आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, पोलिसालासुद्धा नाही, कारण तोंडातून निघतच नव्हतं. तिला म्हटलं, "जा वं घरी. मी खोटं बोलणार नाही. एवढंच सांगते." ती मला आशीर्वाद देत गेली. बिचारीला कळलं नाही.

उद्या वकील विचारेल, दिवा का लावला. मी सांगणार आहे. दिवाळं केशवचं होतं, दिवा माझ्या भावानं लावला. चोर दिवा लावत नाही साहेब, चोर कुलूप लावतो. जाऊन पाहा, केशवच्या दारात अजून आहे. आणि तो चोर नव्हता हे मारणाऱ्यांनाही माहीत होतं. ते कसं, हेही सांगणार आहे. त्या एका वाक्यानं तुझं नाव धुतलं जाईल आणि त्याच वाक्यानं सीताराम फासावर जाईल, मला ठाऊक आहे. त्याची पोर बिनलग्नाची राहील, तेही ठाऊक आहे. तरी बोलणार. त्याला माफ कर म्हणून सांगू नकोस, तुझं ऐकणार नाही मी. तू तरी माझं कुठं ऐकलंस?

मन्या, तू चिखलात पडला होतास. कोणाचा तरी पाय दिव्याला लागणार होता. तेवढ्यात सीताराम पुढं झाला. "थांबा रे," म्हणाला, आणि सगळे थांबले. त्यानं हातातलं लाकूड काखेत धरलं, खाली वाकला, दोन्ही हातांनी निरांजन उचललं, ज्योत विझू नये म्हणून तळव्यानं आडोसा केला आणि जपून कोनाड्यात नेऊन ठेवलं. तुझंच खरं, दिव्यावर कोणी हात उचलला नाही. त्यानं दिव्याला नमस्कार केला, चोराच्या दिव्याला कोणी करतं का? आणि मग काखेतलं लाकूड दोन्ही हातांत घेऊन तो तुझ्याकडे वळला.